दिवेआगर व दंडाराजपुरीचा मुलूख : अंमल, महाल आणि खानेसुमारी

कोंकणांतील एखाद्या घराण्याचें जुनें दफ्तर हातीं आलें, म्हणजे संग्राहकाची पहिली दृष्टि सनाकडे व शिक्क्याकडे जाते. आंकड्यांकडे ती उशिरां जाते, आणि गेली तरी बहुधा गैरसमज घेऊन परतते. 'चवदाशें गांवें', 'अकरा महाल', 'निमे उत्पन्न', 'इतकीं घरें' हे सर्व आंकडे जणूं एकाच मापाचे आहेत असें धरून त्यांवरून लोकवस्तीचा अजमास करण्याची रीत आपल्याकडे पडून गेली आहे. प्रस्तुत लेखांत दिवेआगर हें एक गांव आणि तें ज्या मुलखांत मोडत आलें तो मुलूख, एवढेंच क्षेत्र घेऊन, कोणत्या अंमलांत नेमकें काय मोजलें जात होतें हें पाहण्याचें योजिलें आहे.

दिवेआगर हें रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत समुद्रकांठीं आहे. जमीन वाळूची, तिच्यावर नारळी-पोफळीच्या बागा, आणि बागांमधून अरुंद वाटा, असें गांवाचें रूप. 'आगर' ह्या शब्दाचा किनाऱ्यावर अर्थच नारळी-पोफळीची बाग असा होतो. मिठाच्या वाफ्यांसही आगर म्हणतात व आगरी लोकांचें नांव त्याच शब्दावरून पडलें आहे. दक्षिणेकडील गुहागर हें नांव ह्याच घडणीचें. नांवाचा हा अर्थ ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. राज्यें बदललीं, विभागांचीं नांवें बदललीं, तरी ह्या पट्टींत किती माणसें पोसलीं जावीं हें दीर्घकाळ आगरानें व आगराच्या मागील भातखाचरांनीं ठरविलें.

गांवाच्या प्राचीनत्वाविषयीं वाद नाहीं. उत्तर कोंकणच्या शिलाहारांपैकीं मुम्मुणिराजाचा शके ९७५ (इ. स. १०५३) चा ताम्रपट येथील आहे. शके ९८२ (इ. स. १०६०) चा दुसरा ताम्रपट तर मराठींत कोरलेला असून मराठी भाषेच्या उपलब्ध ताम्रपटांत तो सर्वांत जुना म्हणून अभ्यासकांस परिचित आहे. त्यांत गांवच्या ब्राह्मण गृहस्थांचीं नांवें व सुवर्णाचा व्यवहार आहे. आतां योगायोग असा कीं, अंबरनाथच्या देवालयांतील शिलालेखही शके ९८२ चाच. त्यांतील राजा माम्वाणि म्हणजे हाच मुम्मुणि. एकाच वर्षीं राजाच्या देवालयावर संस्कृत कोरली गेली आणि समुद्रकांठच्या एका गांवीं घरगुती व्यवहार मराठींत कोरला गेला. राज्याची भाषा व गांवाची भाषा निराळी चालत होती, याचा ह्याहून बोलका पुरावा मिळणें कठीण. गांवांतील रूपनारायणाची शिल्पसमृद्ध विष्णुमूर्तिही शिलाहारकालीन मानली जाते.

जातां जातां आंकड्यांच्या वाचनाविषयीं एक सूचना. अंबरनाथच्या लेखाचा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला होता. पुढें तो ९८२ ठरला. अलिबागेजवळील आक्षीच्या शिलालेखाचा शक एका वाचनाप्रमाणें ९३४, तर दुसऱ्याप्रमाणें ११३२. एका दोन अंकांच्या वळणानें दोनशें वर्षें इकडचीं तिकडे होतात. शकाच्या अंकांची ही अवस्था, तर गांवांच्या व घरांच्या अंकांवर किती भार टाकावा याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

शिलाहारांच्या ताम्रपटांतून त्यांच्या राज्याचें वर्णन ठराविक शब्दांत येतें. पुरी हें ज्यांत प्रमुख आहे असा चवदाशें गांवांचा कोंकण देश, असें तें वर्णन. त्या देशाच्या पोटांत 'विषय' असत. भांडुप येथें सांपडलेल्या छित्तराजाच्या शके ९४८ (इ. स. १०२६) च्या ताम्रपटांत श्रीस्थानक म्हणजे ठाणें, व त्याच्या पोटीं षट्षष्टि विषय असा उल्लेख आहे. षट्षष्टि म्हणजे सहासष्ट गांवांचा विषय. ह्याच शब्दाची पुढें साष्टी झाली. संख्येचें नांव झालें आणि मग गांवें कमी झालीं काय, वाढलीं काय, नांव तेंच राहिलें. गोव्यांतील साष्टीची कथाही अशीच.

ही पुरी कोणती, याविषयीं पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मुंबईजवळची घारापुरी म्हणावी तर बेट लहान. राजधानीस पुरेसें नाहीं. कांहीं संशोधकांनीं मुरूडजवळची राजापुरी पुढें केली आहे. हीच पुढील काळांतील दंडाराजपुरी. हें दुसरें मत खरें ठरलें, तर चवदाशें गांवांच्या देशाचें मुख्य नगर दिवेआगरापासून एका खाडीच्या अंतरावर येतें व दोन ताम्रपट ह्याच गांवीं कां मिळावे ह्याचेंही कांहींसें उत्तर मिळतें. तथापि नामसादृश्यापलीकडे बळकट पुरावा हवा. तो भूमींतून निघाला तर निघेल, कागदांतून निघण्याचा संभव थोडा.

प्रश्न चवदाशांचा आहे. कित्येक लेखक ह्या संख्येस दर गांवीं चाळीस घरें व दर घरीं पांच माणसें असे गुणक लावून दोन लक्ष ऐशीं हजार वस्ती काढतात. गणित बरोबर, पण पाया पोकळ. शिलाहारांच्या शेजारीं पाहावें. गोव्याच्या कदंबांच्या लेखांत कोंकण नऊशें व पलसिगे म्हणजे हळशी बारा हजार असे आंकडे येतात. करहाट म्हणजे कऱ्हाड चार हजारांचें. हळशीच्या भोंवतीं बारा हजार गांवें वसलीं होतीं असें त्या प्रदेशांतून एकदां पायीं फिरलेला मनुष्य म्हणणार नाहीं. असल्या मोठ्या संख्या महसुलाच्या कीं आणखी कशाच्या, हा वाद जुना आहे. कोंकणच्या चवदाशांत 'ग्राम' शब्द स्पष्ट असल्यामुळें तो मूळचा गांवांचाच आंकडा असावा, असें आमचें मत आहे. परंतु तो एकदां ठरला आणि पिढ्यान्‌पिढ्या ताम्रपटांतून जसाच्या तसा उतरत गेला. मधल्या काळांत राज्यानें कांहीं मुलूख कमावला, कांहीं गमावला; आंकडा हलला नाहीं. जो आंकडा हलत नाहीं तो मोजणीचा नव्हे, बिरुदाचा होय.

तेराव्या शतकांत देवगिरीच्या महादेव यादवानें सोमेश्वर शिलाहाराचें राज्य बुडविलें. यादवांचा ह्या किनाऱ्यावरील काळ अल्प, व त्यांत आपल्या विषयापुरतें नवें कांहीं हातीं लागत नाहीं. पुढें बहामनी आणि त्यानंतर अहमदनगरची निजामशाही ह्यांचा अंमल आला. विषय हा शब्द गेला. मामला, तर्फ, महाल हे शब्द आले. शब्दांबरोबर मोजण्याची वस्तूही बदलली, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेंतून सुटते. विषयाच्या नांवांत गांवें होतीं. महाल म्हणजे उत्पन्नाचें ठिकाण. एका महालांत गांवें दहा असोत कीं पन्नास, दिवाणास त्याच्याशीं कर्तव्य नव्हतें. त्यावर तनखा किती, वसूल किती, बाकी किती, एवढेंच पाहिलें जाई. म्हणून निजामशाही वा त्यामागील कागदांत 'महाल इतके' असें आढळलें, तर त्यास गांवांनीं किंवा माणसांनीं गुणूं नये.

दंडाराजपुरीचें ठाणें व तिच्यासमोर समुद्रांतील जंजिरा हीं निजामशाहीच्या उत्तरकाळीं हबशी सरदारांच्या हवालीं झालीं. सन १६३६ च्या तहानें निजामशाही संपली, तिचा कोंकण मुलूख विजापूरकडे आला, व जंजिऱ्याचा सिद्दी आदिलशहाचा चाकर झाला. सन १६७० च्या सुमारास जंजिऱ्यांत सत्तांतर होऊन सिद्दी मोंगल बादशहाचा आरमारी सरदार बनला. असा पन्नास वर्षांच्या आंत ह्या मुलखानें तीन बादशाह्यांचा शिक्का पाहिला, आणि तिन्ही वेळां जागेवरचा मनुष्य सिद्दीच. सर्व प्रदेशास हबसाण हें नांव पडलें तें यामुळें. शिवाजी महाराजांनीं दंडाराजपुरी घेतली, जंजिऱ्याशेजारीं कांशाच्या खडकावर पद्मदुर्ग उभारला, तरी जंजिरा हातीं आला नाहीं. संभाजी महाराजांनीं सन १६८२ त घातलेला वेढाही उठवावा लागला. ह्या झुंजांत किनाऱ्यावरील गांवांस एकाच सालीं दोन धनी असत व वसूल दोघेही मागत. अशा सालच्या वसुलाच्या कागदांवरून वस्तीचा अंदाज करणें म्हणजे पुराच्या दिवशीं नदीची रुंदी मोजणें होय.

महालाचा खरा हिशेब सरदारापाशीं नसून देशमुखापाशीं असे. दिवेआगराच्या दक्षिणेस श्रीवर्धन; तेथील देशमुखी भट घराण्याकडे होती. सिद्दीशीं बिनसल्यामुळें ह्या घराण्यांतील बाळाजी विश्वनाथास घर सोडून देशावर यावें लागलें, व पुढें सन १७१३ त तो शाहू महाराजांचा पेशवा झाला. त्याच्या उत्कर्षाची कथा सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस येथें दुसरी बाजू सांगावयाची आहे. देशमुख परागंदा झाला म्हणजे कुळें कोणतीं, कोणाची बाग कोठपर्यंत, पड किती, कोण मेला, कोण मुंबईस गेला, ही सर्व माहिती ज्या एका घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांचलेली असते तें घरच उठलें. मराठेशाहीच्या इतिहासास जो लाभ झाला तो श्रीवर्धन महालाच्या इतिहासाच्या खर्चानें झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

थोरल्या बाजीरावानें सन १७३३ त सिद्दीवर मोहीम केली. त्याच सालीं रायगड मराठ्यांकडे परत आला. सन १७३६ त चिमाजी आपानें सिद्दी सात यास लढाईंत ठार केलें. ह्या युद्धाच्या शेवटीं जो तह झाला त्यान्वयें सिद्दीच्या अकरा महालांचें निमे उत्पन्न मराठ्यांस मिळावें असें ठरलें. म्हणजे गांव एक, कुळ एक, सारा एक, आणि तो घेणारे हात दोन. ह्यासच दुअमली म्हणतात. दुअमलीचा कागद संग्राहकास जितका मोलाचा तितकाच फसविणारा असतो. त्याचा विचार लेखाच्या शेवटीं केला आहे.

'खानेसुमारी' हा शब्द आज आपण शिरगणतीच्या अर्थीं वापरतों. त्याची फोड पाहावी. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. तेव्हां मूळ अर्थ घरांची मोजणी. पेशवाईंतील खानेसुमारीचे कागद पाहिले तर त्यांत पाया घराचाच असतो. कोठें माणसांची, कोठें गुरांची संख्याही पुढें येते. देशावरील पेठेंत घर म्हणजे काय हें समजण्यास अडचण नाहीं. आगरांत तशी स्थिति नाहीं. येथें एका वाडींत मुख्य घर, त्यामागें गोठा, बाजूस बागेवर राबणाऱ्याची झोंपडी, असा प्रकार असे. हीं घरें एक धरावीं कीं तीन? शिवाय भंडारी, कोळी व तांडेल मंडळींची घरें वर्षाचे आठ महिने अर्धीं रिकामीं, कारण पुरुष गलबतांवर किंवा मासेमारीस. पावसाळ्यांत केलेली घरमोजणी व उन्हाळ्यांत केलेली घरमोजणी यांतून निघणारी माणसें सारखीं येणार नाहींत. दर घरीं पांच हा गुणक ह्या किनाऱ्यास लावण्यापूर्वीं कागदावरची मिति पाहावी.

माणशी मोजणी ह्या मुलखांत इंग्रजी अंमलाच्या सावलींत आली. जंजिरा हें संस्थान राहिलें. पण मुंबई इलाख्याच्या शिरगणतींत त्याची गणना होऊं लागली. संस्थानाची उत्तरसीमा रोह्याच्या, म्हणजे कुंडलिकेच्या खाडीच्या बाजूस, दक्षिणसीमा बाणकोटच्या म्हणजे सावित्रीच्या खाडीस, आणि मधून राजापुरीची खाडी आंत शिरलेली. क्षेत्रफळ सुमारें ३२४ चौरस मैल. सन १८८१ त लोकसंख्या ७६,३६१ भरली, व सन १९०१ त ८५,४१४. म्हणजे दर चौरस मैलीं सुमारें २६४ माणसें. डोंगर व जंगल वजा केलें तर उरलेल्या भातजमिनीवर व आगरांवर ही दाटी पुष्कळच म्हटली पाहिजे. वीस वर्षांत वाढ नऊ हजारांवर. शेंकडा बारांच्या आंतबाहेर. त्यांपैकीं शेवटच्या दशकांत वाढ शेंकडा चारच. हें दशक प्लेगाचें होतें. पण केवळ प्लेगावर सर्व भार टाकूं नये. आगरांत नवें झाड लावण्यास जागा उरली नाहीं, कीं वाढलेला मुलगा मुंबईस जातो. हा नियम ह्या किनाऱ्यावर प्लेगापूर्वीं होता आणि प्लेगानंतरही राहिला. काठेवाडांतील जाफराबाद हेंही जंजिऱ्याच्या नबाबाचेंच. परंतु त्याची गणना निराळी होत असल्यामुळें तें ह्या आंकड्यांत मिळवूं नये. ही चूक छापील पुस्तकांतूनही आढळते.

वस्तींत कुणबी, आगरी, कोळी, भंडारी, माळी, महार, ब्राह्मण, कोंकणी मुसलमान व थोडे बेने इस्रायल अशीं माणसें. ज्यांच्या नांवानें मुलखास हबसाण म्हणत, त्या सिद्दींची संख्या अगदींच थोडकी. राज्याच्या नांवावरून प्रजेची जात ठरविणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

सन १९४८ त संस्थान विलीन झालें व त्याचा मुलूख कुलाबा जिल्ह्यांत आला. कुलाबा जिल्ह्याचें नांव सन १९८१ त रायगड झालें. महालाचा तालुका झाला. सन २०११ च्या शिरगणतींत श्रीवर्धन तालुक्याची लोकसंख्या ८३,०२७, म्हसळ्याची ५९,९१४ व मुरूडची ७४,२०७ आहे. तिहींची बेरीज २,१७,१४८. मुरूड तालुक्याची आजची सीमा संस्थानाच्या सीमेशीं तंतोतंत जुळत नाहीं, ही सवलत देऊनही ११० वर्षांत वस्ती अडीच पटींच्या आसपास झाली असें दिसतें. ही वाढ मोठी वाटते. पण त्याच जिल्ह्यांतील पनवेल तालुका सन २०११ त एकटाच ७,५०,२३६ वर गेला होता. त्याशीं तुलना केली म्हणजे हबसाणांतील माणसें गेलीं कोठें ह्याचें उत्तर आपोआप मिळतें. एके काळीं कोंकण देशाचें प्रमुख नगर जेथें असावें असें म्हणतात, तो भाग आतां आपल्या मुलांस खाडीपलीकडे पाठवून त्यांच्या मनिऑर्डरीवर जगूं लागला, ही स्थिति विसाव्या शतकांत बरीच वर्षें होती.

दिनांक ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगराच्या किनाऱ्यावर आदळलें. बागाच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी प्रसिद्ध. तिचीं झाडें उन्मळून पडलीं. पोफळ लाविल्यापासून उत्पन्न येण्यास कित्येक वर्षें लागतात. तेवढ्या काळांत घरांतील एक पिढी निघून जाऊं शकते. वादळाच्या ह्या बाबतींत संशोधकांचें लक्ष बागांकडे गेलें, तें योग्यच. पण छपरें उडाल्यावर माळ्यांवरील बासनांचें काय झालें, हें विचारणारे थोडे निघाले. ओल्या झालेल्या मोडी कागदांचा गठ्ठा उन्हांत न टाकतां सावलींत, पान पान सुटें करून वाळवावा लागतो. हें ठाऊक नसल्यानें ओलीं बासनें चुलींत किंवा उकिरड्यांत जातात. वादळ हें एक निमित्त. छपराची गळती हें काम दरसाल करीतच असते.

धातूचें भाग्य कागदाहून बरें असतें असें मानण्याचें कारण नाहीं. सन १९९७ च्या नोव्हेंबरांत दिवेआगरच्या एका बागेंत खणतांना तांब्याच्या पेटींत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सांपडला. तो देवालयांत ठेवला गेला व गांवाची कीर्ति वाढली. सन २०१२ च्या मार्चांत दरोडेखोरांनीं दोघां पहारेकऱ्यांस ठार करून तो नेला. पुढें आरोपी सांपडले, सोनें परत मिळालें. पण वितळलेल्या स्थितींत. नवी मूर्ति सन २०२१ त बसविण्यांत आली. दोन जीव गेले, हें प्रथम. त्यानंतरचें नुकसान असें कीं, मुखवट्याच्या घडणीवरून त्याचा काळ ठरविण्याची जी संधि होती ती छायाचित्रांपुरतीच उरली. आपल्या मंडळींत अजूनही असे संग्राहक आहेत कीं जे ताम्रपट विकत घेतात, परंतु तो कोणत्या गांवीं, कोणत्या वाडींत, कोणत्या वस्तूंसह मिळाला हें विकणाऱ्यास विचारीत नाहींत. दिवेआगरच्या मराठी ताम्रपटावर दिवेआगर हें नांव लागलें आहे म्हणूनच तो आज ह्या गांवच्या इतिहासांत बसतो. तें नांव नसतें, तर तो केवळ भाषेच्या इतिहासांतला एक नमुना राहिला असता.

आतां दुअमलीच्या कागदांविषयीं. श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली, म्हसळें ह्या बाजूचा अठराव्या शतकाचा ताळेबंद हातीं आला, तर प्रथम तो कोणत्या दफ्तरांतील हें पाहावें. पेशव्यांकडील कमाविसदाराचा असेल, तर त्यांत मांडलेली जमा पूर्ण गांवाची कीं निमे हिश्शाची हें शिरनाम्यावरून नेहमीं कळत नाहीं. आंत 'निमे' हा शब्द एखाद्याच कलमापुढें येऊन जातो. सिद्दीकडील ताळेबंदाचीही तीच गत. दोन्ही कागद एकाच सालचे मिळाले आणि दोन्हींत गांवाची जमा सारखीच दिसली, तर दोघांनींही आपापला निमा हिस्सा मांडला आहे, किंवा दोघांनींही पूर्ण आकार लिहून वसूल तेवढा निम्मा दाखविला आहे. ह्यांतील कोणतें, हें कुळझाड्यावांचून ठरत नाहीं. कुळझाड्यांत कुळाचें नांव एकदांच येतें; त्यास दोन धनी असले तरी तें कुळ दोन होत नाहीं. म्हणून एखाद्या घरीं शिक्कामोर्तबाची सनद व तिच्याच बासनांत कुळांच्या नांवांची फाटकी, बिनशिक्क्याची यादी असेल, तर सनदेची नक्कल मागाहून घेतां येईल. यादी आधीं उतरून घ्यावी, आणि कोपऱ्यांत मिति, महिना असल्यास तो सोडूं नये.